दार उघडे आहे, सोबत हवी

(भिवंडी येथे अल्प उत्पन्न गटातील करदात्यांसाठी योजिलेल्या विनामूल्य साहाय्य-शिबिराच्या पूर्वतयारीनिमित्त कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



सभागृहात शिरताना एका तरुण कार्यकर्त्याने मला थांबवून विचारले, "ज्याचे उत्पन्न अल्प, तो करदाता कसा? आणि जो करदाता आहे, त्याला आपल्या साहाय्याची गरज काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. आजचे माझे सारे बोलणे म्हणजे या एका प्रश्नाचेच उत्तर आहे, असे समजावे.

प्रारंभी याच गावातील एक प्रसंग सांगतो. कामतघर भागात एक यंत्रमागधारक आहेत. भाड्याच्या गाळ्यात आठ माग. मुंबईचा व्यापारी सुताचे बीम पाठवितो, हे कापड विणून देतात आणि मीटरमागे मजुरी घेतात. सूत त्यांचे नाही, कापडही त्यांचे नाही. त्यांची आहे ती केवळ विणाई. वर्षाकाठी मजुरीची बिले पंधरा लाखांच्या घरात जातात. ऐकणाऱ्याला रक्कम मोठी वाटेल. परंतु कामगारांचा पगार, वीजबिल, गाळ्याचे भाडे आणि सुटे भाग यांचा खर्च वजा केला की घरात येतात जेमतेम तीन लाख रुपये. व्यापारी प्रत्येक बिलातून एक टक्का रक्कम कापून घेतो आणि ती त्यांच्या नावे सरकारजमा करतो. पंधरा लाखांवर एक टक्का म्हणजे पंधरा हजार रुपये. मी त्यांना विचारले, "या पैशाचे पुढे काय होते?" ते शांतपणे म्हणाले, "तो कर आहे साहेब. गेला तो गेला."

तीन वर्षे ते असेच म्हणत होते. तीन वर्षांचे पंचेचाळीस हजार रुपये! तीन लाखांच्या उत्पन्नावर त्यांना एक रुपयाही कर लागू नव्हता. ती रक्कम त्यांचीच होती आणि परत मिळविण्यासाठी फक्त एक विवरणपत्र भरायचे होते. त्यासाठी सरकार शुल्क घेत नाही. तरीही ते भरले गेले नाही, कारण हे सांगणारे त्यांच्या शेजारी कोणी नव्हते.

कापलेला पैसा कोणाचा?

कायद्याच्या भाषेत याला उद्गमस्थानी करकपात म्हणतात. बाजारात सारे 'टीडीएस' म्हणतात. तिचे तत्त्व समजून घेतले पाहिजे. कपात हा अंतिम कर नव्हे. ती एक अनामत आहे. पैसे देणाऱ्याला समोरच्या माणसाचे वर्षभराचे उत्पन्न ठाऊक नसते, म्हणून तो ठरावीक दराने कापतो आणि सरकारकडे ठेवतो. वर्ष संपल्यावर हिशेब व्हायचा असतो. हिशेबात कर कमी निघाला तर उरलेले परत, अधिक निघाला तर उरलेले भरायचे. तो हिशेब म्हणजेच विवरणपत्र. ज्याने हिशेबच मांडला नाही, त्याची अनामत तशीच पडून राहते.

भिवंडीत अशी अनामत कोणाकोणाची पडून असते, ते पाहा. मजुरीने विणणाऱ्या लहान मागधारकाचे उदाहरण सांगितलेच. ठेकेदारीच्या कामासाठी ही कपात एका बिलाची रक्कम ३० हजारांवर अथवा वर्षाची एकूण रक्कम एक लाखावर गेली की सुरू होते. म्हणजे अगदी लहान माणूसही तिच्या कक्षेत येतो. आता महामार्गाकडे चला. मानकोली, राहनाळ, पूर्णा, दापोडा या परिसरात गोदामांच्या रांगाच रांगा उभ्या आहेत. तेथे कंत्राटावर काम करणारा तरुण दोन-चार वर्षांनी नोकरी बदलतो आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढून घेतो. सलग पाच वर्षांची सेवा झालेली नसेल आणि रक्कम ५० हजार रुपये वा अधिक असेल, तर तिच्यातून १० टक्के कापले जातात. पॅन दिलेला नसेल, तर २० टक्के! ८० हजारांची रक्कम असेल तर पॅन असणाऱ्याचे आठ हजार जातात आणि नसणाऱ्याचे सोळा हजार. वर्षाला दोन-सव्वादोन लाख मिळविणाऱ्याला एवढी रक्कम म्हणजे महिन्याचा किराणा आणि मुलांच्या शाळेचा खर्च असतो.

टेम्पोधारकांचेही तसेच. ज्याच्याकडे दहा किंवा त्याहून कमी मालवाहू वाहने आहेत, त्याने आपला पॅन देऊन तसे घोषणापत्र दिले, तर भाड्याच्या बिलातून कपात करायचीच नसते. एका साध्या कागदाने जे टळते, ते कागद न दिल्यामुळे वर्षानुवर्षे कापले जाते. निवृत्त आजोबांनी बँकेत ठेवलेल्या मुदत ठेवीचे व्याज एक लाखावर गेले, इतरांचे ५० हजारांवर गेले, की बँक १० टक्के कापते. करपात्र उत्पन्न नसेल तर वर्षाच्या आरंभीच बँकेला घोषणापत्र देऊन ही कपात थांबविता येते. एप्रिलमध्ये अर्धा तास दिला असता, तर जुलैमध्ये परताव्याची वाट पाहावी लागली नसती.

त्या तरुण कार्यकर्त्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे मिळते. अल्प उत्पन्न असलेला माणूस करदाता असो वा नसो, त्याचा पैसा करखात्यात पोहोचलेला असतो. तो परत आणण्याची वाट विवरणपत्रातून जाते.

भयाचा वारसा

मग लोक विवरणपत्र का भरत नाहीत? आळस हे उत्तर पुरेसे नाही. त्यामागे भय आहे आणि त्या भयाला इतिहास आहे. १८५७ च्या स्वातंत्र्यसमराने रित्या झालेल्या तिजोरीची भरपाई करण्यासाठी इंग्रज सरकारचा अर्थमंत्री जेम्स विल्सन याने १८६० साली या देशात आयकर आणला. २४ जुलै हा आयकर दिन त्याच घटनेची स्मृती जपतो. ज्या कराचा जन्मच परकीय सत्तेच्या गरजेतून झाला, त्याविषयी जनमानसात आपुलकी कशी असणार? 'कराचा कागद आला' या शब्दांनी घरात धस्स होण्याची सवय तेव्हापासूनची आहे.

परंतु आज ती सत्ता नाही. १९२२ चा कायदा गेला, १९६१ चा आला. आता त्याच्याही जागी २०२५ चा आयकर कायदा आला आहे. त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून. त्यात कलमांची संख्या घटली, भाषा सुटसुटीत झाली आणि 'मागील वर्ष' व 'करनिर्धारण वर्ष' या गोंधळात टाकणाऱ्या जोडीऐवजी 'करवर्ष' हा एकच शब्द आला. नमुन्यांचे क्रमांक बदलले तरी कागदाचे प्रयोजन बदलत नाही. म्हणून कार्यकर्त्याने क्रमांक पाठ करण्यापेक्षा प्रयोजन समजून घ्यावे. कर हा आता आपल्याच राष्ट्राच्या संसारातील आपला वाटा आहे. वाटा देणाऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार असतो, आणि वाट्याहून अधिक गेले असेल तर ते परत मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

शून्य कर म्हणजे शून्य कर्तव्य नव्हे

आता एका मोठ्या गैरसमजाकडे वळू. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही; पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्याच्यासाठी ही मर्यादा पावणेतेरा लाखांपर्यंत जाते. ही वार्ता घरोघरी पोहोचली. तिच्यामागून एक चुकीचा निष्कर्षही पोहोचला : "आपल्याला कर नाही, म्हणजे विवरणपत्रही नाही."

येथे दोन वेगळ्या रेषा आहेत. पहिली रेषा चार लाखांची. ही मूळ सूट. दुसरी बारा लाखांची. ती करसवलतीची रेषा आहे. चार ते बारा लाखांमधील माणसाचा कर आधी मोजला जातो आणि मग माफ होतो. माफी मिळते, विवरणपत्राचे कर्तव्य मात्र उरते. ते मुदतीत भरले नाही तर विलंबशुल्क लागते. एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर एक हजार आणि त्याहून अधिक असेल तर पाच हजार रुपये. कर शून्य आणि दंड पाच हजार, अशी विचित्र अवस्था केवळ अज्ञानामुळे ओढवते. शिवाय समभागांच्या विक्रीतून झालेल्या लाभासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला ही सवलत लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आणखी एक नियम तर जणू भिवंडीसाठीच लिहिला आहे, असे वाटावे. उत्पन्न मूळ सुटीपेक्षा कमी असले, तरी ज्याचा वर्षाचा विजेवरील खर्च एक लाख रुपयांहून अधिक आहे, त्याला विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. घरगुती वापरात एक लाखाचे बिल म्हणजे श्रीमंती; यंत्रमागाच्या गाळ्यात मात्र आठ मागांवर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणजे ज्याला आपण गरीब समजतो, तो मागधारक कायद्याच्या दृष्टीने विवरणपत्र भरण्यास बांधलेला आहे आणि त्याला ते ठाऊकच नाही!

अशा लहान व्यावसायिकासाठी कायद्याने वाटही सोपी ठेवली आहे. 'सुगम' हा नमुना त्याच्यासाठीच आहे. उलाढाल दोन कोटींच्या आत असेल, तर जमाखर्चाच्या वह्या सादर न करता उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, एवढे उत्पन्न गृहीत धरून ते दाखविता येते. परंतु हा आकडा किमान आहे. प्रत्यक्षात अधिक मिळाले असेल, तर अधिकच दाखवायचे. पगारदारासाठी 'सहज' हा नमुना आहे; पगार, घर, व्याज असे साधे उत्पन्न असलेल्या, ५० लाखांच्या आतील निवासी व्यक्तीला तो पुरतो.

दार विनामूल्य आहे

आयकर विभागाच्या संकेतस्थळावर विवरणपत्र भरण्यासाठी एक पैसाही लागत नाही. सध्याचे संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी सुरू झाले. आरंभी त्याने बराच त्रास दिला, हे सर्वांना स्मरत असेल. आता ते स्थिरावले आहे. पॅन टाकून प्रवेश केला की आपला पगार, बँकेचे व्याज, कापलेला कर यांची माहिती बरीचशी आधीच भरलेली दिसते. 'वार्षिक माहिती विवरण' उघडले की वर्षभरात आपल्या पॅनवर कोणी काय नोंदविले, ते समोर येते. आपले काम ताळा करण्याचे आणि चूक असेल तर दुरुस्त करण्याचे. २०१३-१४ मध्ये विवरणपत्रावर प्रक्रिया होण्यास सरासरी ९३ दिवस लागत; २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पीय भाषणात अर्थमंत्र्यांनी हा अवधी १० दिवसांवर आल्याचे सांगितले. ३१ जुलै २०२४ पर्यंत त्या वर्षीची ७ कोटी २८ लाखांहून अधिक विवरणपत्रे दाखल झाली आणि त्यांत सुमारे साडेअठ्ठावन्न लाख माणसे प्रथमच विवरणपत्र भरणारी होती. ही प्रथमच आलेली माणसे आपल्या चिंतनाचा विषय आहेत.

जगाशी तुलना केली, तर आपल्या या दाराचे मोल कळेल. अमेरिकेसारख्या संपन्न देशात सामान्य नागरिकाला वर्षानुवर्षे खासगी कंपन्यांच्या संगणकप्रणालींचा आधार घ्यावा लागला. २००३ पासून तेथे अल्प उत्पन्नवाल्यांसाठी 'फ्री फाइल' ही व्यवस्था आहे. परंतु तीही मुख्यतः खासगी कंपन्यांच्याच सहकार्याने चालते. सरकारने स्वतःची विनामूल्य 'डायरेक्ट फाइल' सेवा २०२४ मध्ये १२ राज्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली, २०२५ मध्ये ती २५ राज्यांपर्यंत नेली आणि २०२६ च्या हंगामासाठी ती बंद केली. तेथील एक गोष्ट मात्र घेण्याजोगी आहे. गेली अनेक दशके तेथे करखात्याच्या पाठबळाने स्वयंसेवकांची योजना चालते. स्वयंसेवकाला प्रशिक्षण मिळते, त्याची परीक्षा होते आणि मग तो ग्रंथालयात, समाजमंदिरात बसून अल्प उत्पन्नवाल्या शेजाऱ्याचे विवरणपत्र विनामूल्य भरून देतो. त्यांच्याकडे माणूस उभा राहिला, पण सरकारी दार उघडून पुन्हा मिटले. आपल्याकडे दार सताड उघडे आहे; उणीव आहे ती दारापर्यंत सोबत करणाऱ्या माणसाची.

आपल्या शासनालाही ही उणीव जाणवली नव्हती असे नाही. २००६ साली 'कर विवरणपत्र तयारक योजना' अधिसूचित झाली. पदवीधर तरुणांना प्रशिक्षण द्यायचे, त्यांनी लहान करदात्यांकडे जायचे आणि करदात्याकडून २५० रुपयांहून अधिक घ्यायचे नाहीत, अशी ती कल्पना. कल्पना उत्तम होती. परंतु शासनाची योजना परिपत्रकाने चालते. गल्लीतील विश्वास परिपत्रकाने निर्माण होत नाही. तो ओळखीने निर्माण होतो, आणि ओळख ही तर आपली पुंजी आहे.

मधला माणूस

जेथे सोबत करणारा नसतो, तेथे मध्यस्थ येतो. सर्वच कर-सल्लागार वाईट असतात, असे मी म्हणणार नाही. प्रामाणिकपणे काम करणारे कितीतरी सनदी लेखापाल आणि सल्लागार आपल्या परिचयाचे आहेत, आणि त्यांच्या विद्येचे मोल दिलेच पाहिजे. मी बोलतो आहे ते चहाच्या टपरीवर भेटून "तुझा सगळा कापलेला पैसा परत आणून देतो, मला त्यातले इतके टक्के दे" असे सांगणाऱ्याविषयी.

हा मनुष्य काय करतो? विवरणपत्रात खोट्या वजावटी भरतो. कधीही न भरलेला विमाहप्ता, न दिलेले घरभाडे, राजकीय पक्षाला न दिलेली देणगी! संकेतस्थळावर करदात्याऐवजी स्वतःचा भ्रमणध्वनी क्रमांक आणि स्वतःचा ईमेल नोंदवितो. सांकेतिक शब्द त्याच्याकडेच. परतावा आला की आपला हिस्सा घेऊन मोकळा होतो. दोन वर्षांनी नोटीस येते ती त्याच्याच ईमेलवर, आणि करदात्याला तिचा पत्ताच नसतो. असा एक तरुण माझ्याकडे आला होता. आपण कोणत्या पक्षाला देणगी दिली म्हणून दाखविले आहे, हेही त्याला सांगता येईना. कर, व्याज आणि दंडाची टांगती तलवार मात्र त्याच्याच डोक्यावर. उत्पन्न चुकीचे दाखविल्याचे सिद्ध झाले, तर चुकविलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो.

हे अपवादात्मक प्रकार नव्हेत. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात सुमारे १५० ठिकाणी अशा खोट्या वजावटींची तपासणी हाती घेतली. त्याआधीच्या चार महिन्यांत विभागाच्या आवाहनानंतर सुमारे ४० हजार करदात्यांनी सुधारित हिशेब भरून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. या आकड्यांत दोन गोष्टी दिसतात. फसवणूक मोठी आहे, हे तर खरेच. परंतु योग्य शब्दांत सांगितले तर माणूस चूक सुधारतो, हेही तितकेच खरे आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या महसूल-व्यवस्थेचे स्मरण येथे होणे स्वाभाविक आहे. वतनदार रयतेकडून मनमानी वसूल करीत आणि सरकारात वेगळेच भरीत. महाराजांनी जमिनीची मोजणी करविली, रयतेने काय द्यायचे ते ठरवून दिले आणि वतनदारांच्या मनमानीला आळा घातला. राज्य आणि रयत यांच्यामध्ये अपारदर्शक माणूस उभा राहिला की दोघांचीही लूट होते. खोट्या परताव्याच्या व्यवहारात हेच घडते. तिजोरीही लुटली जाते आणि गरीबही.

मेजाची शिस्त

आता प्रत्यक्ष कामाविषयी. शिबिराचा उत्तम काळ १५ जून ते ३१ जुलै. मालकाने द्यावयाचे पगार व कपातीचे प्रमाणपत्र १५ जूनपर्यंत मिळते. त्याआधी घाई केली तर कापलेला कर नोंदीत दिसतोच असे नाही. पगारदारांसाठी अंतिम मुदत सामान्यतः ३१ जुलै. २०२५ मध्ये ती वाढत वाढत १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती. परंतु मुदतवाढीच्या भरवशावर राहू नये. लहान व्यावसायिकांनी त्या त्या वर्षीची तारीख संकेतस्थळावर पाहून घ्यावी.

मेजाजवळ बसणाऱ्या कार्यकर्त्याने काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत.

पहिले पथ्य असे की भ्रमणध्वनी त्याचा, ईमेल त्याचा आणि सांकेतिक शब्दही त्याचाच. शक्य तर अक्षरे त्यालाच दाबू द्यावीत. आपण शेजारी बसावे. त्याचा सांकेतिक शब्द आपल्या वहीत लिहून ठेवायचा नाही. कागदपत्रे घरी न्यायची नाहीत. दुसऱ्याच्या घराची किल्ली खिशात घालून हिंडू नये.

दुसरे पथ्य, आधी पाया पाहावा. आधार आणि पॅन जोडलेले आहेत का? १ जुलै २०२३ पासून न जोडलेले पॅन निष्क्रिय ठरले आणि त्यावर परतावा मिळत नाही. आता जोडायचे तर एक हजार रुपये शुल्क लागते. बँकेचे खाते संकेतस्थळावर प्रमाणित झाले आहे का? दोन्ही कागदांवरील नाव एकच आहे का? मेजापुढे बसणाऱ्याचे आडनाव विचारायचे, ते एवढ्या ताळ्यापुरतेच. पद्मानगरातील तेलुगू विणकर असो, उत्तरेतून आलेला कामगार असो वा याच तालुक्यातील भूमिपुत्र असो, रांग एकच राहील.

तिसरे पथ्य प्रामाणिकपणाचे. जे आहे तेच लिहायचे. "शेजाऱ्याला एवढे मिळाले, मला का नाही?" असा आग्रह झाला, तर नम्रपणे आणि ठामपणे नाही म्हणायचे. खोटी वजावट भरून दिलेली सेवा ही सेवा नव्हे. रोखीचे उत्पन्न असेल तर तेही विचारावे आणि दाखवावयास सांगावे.

चौथे, आपली मर्यादा ओळखावी. समभागांचे व्यवहार, मालमत्तेची विक्री, जुन्या वर्षांची नोटीस असे काही दिसले, तर ते प्रकरण सनदी लेखापालाकडे पाठवावे. अर्धवट ज्ञानाने दिलेला सल्ला विनामूल्य असला तरी महाग पडतो.

पाचवे, काम पूर्ण करून उठावे. विवरणपत्र दाखल केल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. आधारच्या ओटीपीने ती तेथल्या तेथे होते. ती राहिली तर सारे श्रम वाया. दाखल करण्यापूर्वी प्रत्येक आकडा त्याच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावा आणि नंतर पोचपावतीची छापील प्रत त्याच्या हाती द्यावी. नोटीस खरी की खोटी हे ओळखण्यासाठी तिच्यावरील दस्तऐवज ओळख क्रमांक संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो, हेही त्याला शिकवावे. ओटीपी दूरध्वनीवरून कोणालाही सांगायचा नाही, हे तर पुनःपुन्हा सांगावे.

आणि सहावे पथ्य, मोबदला नाही. चहासुद्धा आपला आपण आणावा.

समारोप

कामतघरच्या त्या मागधारकांचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. आम्ही बसलो तेव्हा त्या वर्षीची मुदत उलटून गेली होती. परंतु ३१ डिसेंबरच्या आत विलंबाने विवरणपत्र भरता येते. त्यांनी ते भरले. पंधरा हजार रुपये त्यांच्या खात्यात आले. आधीच्या दोन वर्षांचे तीस हजार मात्र तसे सहज हाती येईनात. मुदत गेल्यावर 'अद्ययावत विवरणपत्र' भरता येते. पण ते परतावा मागण्यासाठी वापरता येत नाही. त्यासाठी विलंबमाफीचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो. तो पाच वर्षांच्या मर्यादेतच करता येतो आणि त्यात विलंबाचे सबळ कारण द्यावे लागते.

अर्ज लिहिताना मी त्यांना विचारले, "विलंबाचे कारण काय लिहू?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लिहा साहेब, कोणी सांगितले नाही."

मित्रहो, हे कारण त्यांच्या अर्जावर शोभेल की नाही, ते अधिकारी ठरवतील. परंतु आपल्या गावात, आपल्या शेजारात राहणारा माणूस 'कोणी सांगितले नाही' असे लिहितो, तेव्हा ते वाक्य माझ्या आणि आपल्यासारख्या चार अक्षरे शिकलेल्या प्रत्येकाविषयी असते. आपण त्याच रस्त्याने जात होतो. धामणकर नाक्यावर त्याच रिक्षाची वाट पाहत होतो. आपल्याला ठाऊक होते आणि त्याला नव्हते.

येत्या जून-जुलैत आठवड्यातील एक संध्याकाळ, दोन तास, एवढेच मी आपल्याकडे मागतो. एका विवरणपत्राला अर्धा तास धरला, तर एका संध्याकाळी चार घरे होतात; सात आठवड्यांत अठ्ठावीस. आज या सभागृहात जितके जण बसले आहेत, त्यांचा गुणाकार आपण मनात करावा.

पुढच्या वर्षी विलंबाचे कारण विचारले गेले, तर निदान आपल्या वस्तीतून तरी ते उत्तर पुन्हा येऊ नये.